छताच्या जुन्या पटिया फिशटँकमध्ये चालतील का? चालतील, पण आधी हे करा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे अडीच फुटी टँक आहे, ३० बाय १२ बाय १५ इंच, त्यात कन्व्हिक्ट या सिक्लिड जातीच्या भांडखोर माशांची एक जोडी, चार यो-यो बोटिया (तळाशी राहणारे, मिशावाले मासे) आणि एक ब्रिसलनोज (काचेला-दगडाला चिकटून शेवाळ खाणारा मासा). बोटिया दिवसभर फिल्टरच्या मागे एकमेकींना चिकटून पडलेल्या असतात, ब्रिसलनोज हीटरला चिकटलेला, दुकानात रेझिनची एक गुहा ८०० रुपयांना सांगितली, आणि इकडे घरामागे जुनी खोली पाडली तेव्हाचे छताच्या पटियांचे, म्हणजे लांब दगडी फरशांचे, तुकडे नुसते पडून आहेत. ते घालता येतील का, उकळून घ्यायचे का, आणि लपायला जागा दिली तर मासे आणखीनच दिसेनासे होतील का.

ताई, घाला. ८०० रुपये वाचवा आणि त्यात चांगलं फिल्टर मटेरियल घ्या. पण तुकडा उचलला, नळाखाली धरला आणि टाकला असं करू नका, मधे दहा-पंधरा दिवसांचं काम आहे, ते सगळं सांगतो. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच राहतो, २७ वर्षं झाली मासे पाळतोय आणि माझ्या टँकमधले जवळपास सगळे आडोसे आपल्या इथल्याच दगडाचे आहेत.

आधी हा दगड काय आहे ते बघू. आपल्या ग्वाल्हेरच्या जुन्या घरांची छतं ज्या लांब दगडी पटियांची असायची तो वालुकाश्म, म्हणजे सँडस्टोन. किल्ला ज्या डोंगरावर आहे तो याच जातीचा, गोपाचलच्या, म्हणजे किल्ल्याच्या कड्यातल्या, जैन मूर्ती याच्यातच कोरलेल्या आणि त्या पाचशेच्या वर पावसाळे झेलून उभ्या आहेत. वाळूचे कण, म्हणजे क्वार्ट्झ, एकमेकांना घट्ट बसून झालेला हा दगड आणि क्वार्ट्झ पाण्यात काही सोडत नाही, पाणी जड (क्षारयुक्त) करत नाही, पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कलीपणा) हलवत नाही. लालसर किंवा गुलाबी पटिया असेल तर तो लोखंडाचा रंग आहे, दगडात पक्का बसलेला, त्याला घाबरू नका. हिरवे-निळे डाग किंवा धातूसारखी चमकणारी रेघ दिसली तर मात्र तो तुकडा बाजूला ठेवा, तांबं असेल तर गोगलगायी आणि झिंगे आधी जातात, मग मासे. म्हणजे दगड मुळात उत्तम आहे, प्रश्न दगडाचा नाही, दगडाला इतकी वर्षं काय काय लागलंय त्याचा आहे.

आणि इथेच बहुतेक लोक फसतात. कुठेतरी वाचलेलं असतं की दगडावर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे आले तर दगड वाईट. माझ्या एका भाच्याने असाच छताचा तुकडा घेतला, व्हिनेगर टाकलं, फेस आला आणि त्याने सगळा ढीग फेकायला काढला. मी बघितलं तर फेस येत होता तो दगडातून नाही, दगडावर बसलेल्या चुन्यातून. जुन्या पटियांच्या सांध्यात चुना भरलेला असायचा, खालच्या बाजूने दर दिवाळीला सफेदी व्हायची, असे थरावर थर. चुना पाण्यात गेला की पीएच चढणार, हे खरं, पण तो छन्नीने निघतो. म्हणून टेस्ट अशी करा: चुना-सिमेंट जेवढं निघेल तेवढं छन्नीने आणि तारेच्या ब्रशने काढा, मग दगडाच्या आतला ताजा तुटलेला भाग शोधा, तिथे खिळ्याने जोर लावून खरवडा म्हणजे थोडी पूड होईल, आणि त्या पुडीवर व्हिनेगरचे चार-पाच थेंब. पुडीवर टाकायचं कारण असं की काही दगड अखंड असताना गप्प बसतात आणि पूड केली की मग फसफसतात. पांढरा कागद मागे धरून कान जवळ नेऊन ऐका, बारीक चुरचुर आवाजही पुरतो. काहीच झालं नाही तर दगड पास. फेस फक्त वरच्या कवचावर असेल तर तो तुकडा बादलीत पाणी आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं करून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी घासा, धुवा, पुन्हा टेस्ट करा.

छताचा तुकडा आहे म्हणून अजून तीन गोष्टी बघा. वरच्या बाजूला डांबर किंवा वॉटरप्रूफिंगचा काळा-चकचकीत थर असेल तर तो तुकडा नको, घासून जात नाही, दगड ते पितो. ऑइलपेंटची बाजू असेल तर नको. आणि जुन्या स्वयंपाकघराच्या छताची पटिया असेल तर चुलीच्या धुराने एक बाजू काळी-चिकट झालेली असते, तो तेलकट धूर दगडाच्या छिद्रात मुरलेला असतो. ओळखायचं सोपं आहे, दगडावर पाणी टाका, चांगला सँडस्टोन पाणी बघता बघता पितो, काळा पडतो, तेलकट भागावर पाणी थेंब धरून बसतं. जिथे थेंब बसतो तो भाग टाका. गॅरेजजवळ पडलेले दगड घेऊच नका.

मग मजबुती. सँडस्टोन सगळा सारखा नसतो, काही थर पोलादासारखे तर काही बिस्किटासारखे. दोन तुकडे एकमेकांवर हलके आपटा, टणटण वाजलं तर चांगलं, भद्द आवाज आला तर आत चीर आहे किंवा दगड कुजलाय. मग एक दिवस पूर्ण बादलीत बुडवून ठेवा, काढून ओल्या हाताने चोळा. चिमूटभर वाळू सगळ्यांचीच निघते, पण चोळत राहिलं तरी निघतच राहिली तर तो तुकडा झाडाच्या कुंडीत वापरा. थर सुटतात का तेही बघा, पटिया आडवी असते तेव्हा तिचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात, कडेला पापुद्रा उचकटलेला दिसला तर तो तिथेच काढून टाका, नाहीतर सहा महिन्यांनी पाण्यात तो आपोआप सुटेल आणि खाली कोण बसलंय ते बघणार नाही.

उकळायचे का, तर नाही. हे मी अगदी कळकळीने सांगतोय. सँडस्टोन पाणी पितो, ते पाणी आत अडकतं, गॅसवर तापलं की आतली वाफ बाहेर यायला जागा शोधते आणि दगड फुटू शकतो, कधी चर्रकन तडकतो तर कधी कपची उडते, आणि डोळ्याला लागली तर काय घ्या. त्यापेक्षा ताठ ब्रशने घासा, साबण अजिबात नको, दगड साबण पितो आणि नंतर टँकमध्ये सोडत बसतो. खडे मीठ टाकलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी बाहेर ओट्यावर मांडून वरून गरम पाणी ओता आणि मग गच्चीवर कडक उन्हात तीन दिवस. आपल्याकडच्या मे महिन्याचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी आहे, त्याचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. थंडीत करत असाल तर आठवडाभर ठेवा.

कापायचं झालं तर फर्शीवाल्याकडे न्या, तो कटरने ५ मिनिटांत करून देतो, मी शेवटचे सात-आठ तुकडे करून घेतले तेव्हा ६० रुपये दिले होते. घरी करायचं असेल तर दगड ओला करून छन्नीने एका रेषेत हलके ठोके देत दोन्ही बाजूंनी रेघ पाडा, मग कडेवर ठेवून एक ठोका, बऱ्यापैकी सरळ तुटतो. कोरड्या दगडावर ग्राइंडर चालवू नका, मास्क लावलेला असला तरी नको. ही जी बारीक पांढरी धूळ उडते ती सिलिका, खाणीतल्या आणि घडाईच्या कामगारांना सिलिकोसिस होतो तो ह्याच धुळीने, फुप्फुसात गेलेली ती परत निघत नाही. पाणी टाकत कापा किंवा कापून घ्या, आणि कापणाऱ्यालाही पाणी टाकायला सांगा.

कापलेल्या कडा चाकूसारख्या असतात. त्यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे, दोन तुकडे घ्या, वर पाणी टाका आणि कडेला कड घासा, सँडस्टोनच सँडस्टोनला झिजवतो, दहा मिनिटांत गोलाई येते. मग जुनी नायलॉनची ओढणी त्या कडेवरून आणि भोकाच्या आतून फिरवा, ओढणी अडकली तर माशाचा पर पण अडकणार. बोटियाला अंगावर फार बारीक खवले असतात, ती फटीतून स्वतःला रेटत नेते आणि तिची कातडी खरचटली की तिथे बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आता बांधणी, आणि ह्याच्यात मी एकदा मोठी चूक केलेली आहे ती सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. २००४ ची गोष्ट, माझ्याकडे तीन फुटी टँक होता आणि त्यात तुमच्यासारखीच कन्व्हिक्टची जोडी. मी दोन इंच वाळू अंथरली आणि वाळूवर पटियांची छान तीन मजली कपार रचली, सिलिकॉन नाही, काही नाही, नुसती रचलेली, दिसायला सुंदर. कन्व्हिक्टची अंडी द्यायची वेळ आली की ती खड्डे खणते, तोंडात वाळू भरायची, लांब नेऊन टाकायची, दिवसभर हेच. आठ दिवसांत तिने कपारीच्या एका आधाराखालची वाळू पूर्ण काढली. रात्री दीडच्या सुमारास धप्प असा आवाज आला आणि मग पाण्याचा, मी दिवा लावून आलो तर खालच्या काचेला एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत चीर आणि हॉलभर पाणी. आई, बायको, मी, तिघं बादल्या आणि चादरी घेऊन पहाटेपर्यंत. मादी दगडाखाली सापडली होती. नर वाचला पण महिनाभर त्याच कोपऱ्यात घिरट्या घालत होता, ते मला आजही आठवतं.

तेव्हापासून माझा नियम एकच, दगड आधी, वाळू नंतर. दगडाचा पाय टँकच्या तळावर टेकलेला पाहिजे आणि वाळू त्याच्या भोवती भरायची, मग माशाने कितीही खणलं तरी दगड हलत नाही. पण दगड थेट काचेवरही नको, कारण सगळं वजन एखाद्या टोकावर येतं. मधे अ‍ॅक्रिलिकची २-३ मिलीमीटरची शीट घाला, साइनबोर्ड बनवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे पडलेले असतात, मागितले तर किरकोळ पैशात देतात, आणि अ‍ॅक्रिलिक पाण्यात बुडतं म्हणून तरंगायची भानगड नाही. थर्माकोल पण लोक घालतात, पण मासा खणत खणत तिथे पोचला की दाणे सुटतात आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतात, म्हणून मला तो आवडत नाही.

वजनाचा अंदाज असा ठेवा. ३० सेंटीमीटर लांब, १५ रुंद आणि २ जाड अशी पटिया म्हणजे ९०० घनसेंटीमीटर, सँडस्टोन पाण्याच्या साधारण २.३ पट जड, म्हणजे ती एक पटिया २ किलोच्या आसपास. पाण्यात ती तुम्हाला सव्वा किलोच्या आत लागेल, हलकी वाटते म्हणून माणूस बेफिकीर होतो. तुमच्या टँकमध्ये पाणी काठोकाठ ८५ लिटरच्या आसपास बसेल, त्यात मी ८ ते १० किलोच्या वर दगड टाकणार नाही, आणि तोही एका ठिकाणी ढीग न करता पसरून. अजून एक, १० किलो दगड सव्वाचार लिटर पाण्याची जागा खातो, पुढे कधी औषध टाकायची वेळ आली तर डोस मोजताना ते वजा करा.

रचना टँकमध्ये करू नका, आधी बाहेर करा. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरा, त्यावर टँकच्या तळाचं माप पेनाने आखा आणि त्या चौकोनात दगड मांडून बघा, चहा घेत तासभर उलटसुलट करा, घाई काही नाही. पटिया कडेवर उभ्या करून त्यावर छत टाकायचा मोह होतो, पत्त्यांच्या बंगल्यासारखं, ते नको. पाय म्हणजे छोटे तुकडे आडवे, एकावर एक तीन-चार, जसा शेताचा दगडी बांध रचतात तसे, आणि दोन पायांवर एक छत, छत दोन्हीकडे बोटभर बाहेर आलेलं. आपल्या जुन्या घरातल्या भिंतीत कोनाडा असतो ना, दिवा ठेवायचा, तसा आकार डोक्यात ठेवा. रचून झालं की चारी बाजूंनी एका बोटाने ढकला. डुगडुगलं तर खाली कपची सारून काही होत नाही, तो दगड बदला.

मग सिलिकॉन. काच-अ‍ॅल्युमिनियमच्या दुकानात मिळतं, साधं, ज्याला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते घ्या. बाथरूमसाठीचं फंगसविरोधी असं लिहिलेलं नको, त्यातलं औषध माशांना विष आहे. दगड पूर्ण कोरडा पाहिजे, सँडस्टोन वरून कोरडा दिसला तरी आतून दोन दिवस ओला असतो, म्हणून उन्हातून आणल्यावर लगेच चिकटवायचं काम करा, आणि जिथे सिलिकॉन लागणार तिथली सुटी वाळू ब्रशने झाडा नाहीतर सिलिकॉन वाळूला चिकटतं, दगडाला नाही. जोडाच्या आतल्या बाजूला लावा म्हणजे बाहेरून दिसत नाही. जाड थर असेल तर पूर्ण एक आठवडा सुकू द्या, आंबट वास पार गेला पाहिजे. छोट्या कपच्या किंवा शेवाळ चिकटवायला फेविक्विक चालतं, त्यावर दगडाची पूड भुरभुरली की जोड दिसतसुद्धा नाही. सिमेंटने जोडायचं कोणी सुचवेल, करता येतं, पण सिमेंट कित्येक आठवडे चुना सोडत राहतं, तीन-चार आठवडे पाणी बदलत बदलत भिजवावं लागतं, एवढ्या छोट्या कामाला कशाला ते.

आता कोणाला कसा आडोसा, ह्यात तुमचा टँक जरा अवघड आहे म्हणून सावकाश लिहितो.

बोटियाला गुहा नको असते, तिला फट हवी असते. दोन पटियांमधे दीड-दोन इंचाची सपाट फट, दोन्हीकडून उघडी, आणि त्यात चौघी आडव्या-तिडव्या, कधी कुशीवर कलंडून पडून राहतात. नवीन माणूस बघून घाबरतो की मेली की काय, पण ती त्यांची झोपायची पद्धत आहे. ह्या गंगेच्या खोऱ्यातल्या, नदीच्या तळाशी दगडांच्या सापटीत वाढणाऱ्या, अंगाला वरून-खालून काहीतरी टेकलं पाहिजे तरच त्यांना स्वस्थ वाटतं. फटीचं माप सांगायचं तर मासा आत वळला पाहिजे इतकी मोठी, किंवा मग डोकंही जाणार नाही इतकी बारीक. मधली, निमुळती होत जाणारी फट सगळ्यात वाईट, मासा रेटत आत जातो आणि अडकतो. टँकच्या मागच्या काचेला दगड तिरका टेकवून ठेवतात ना, त्याच्या मागे अशीच फट होते, तिथे अडकून मेलेले मासे मी दुसऱ्यांच्या टँकमधून काढलेत.

ब्रिसलनोजला उलट, एका बाजूने बंद बोगदा हवा. त्याच्या रुंदीपेक्षा बोटभर जास्त रुंद, त्याच्या लांबीच्या दीडपट खोल, छत ठेंगणं. तो मोठा होऊन ५ इंचांपर्यंत जातो हे धरून आत्ताच करा. नर असेल आणि कधी मादी आणलीत तर अशाच बोगद्यात केशरी अंड्यांचा घोस चिकटलेला दिसेल आणि नर आत तोंड करून शेपटीने भोक बुजवून पंख्यासारखे पर हलवत बसेल, त्या दिवसांत टॉर्च मारून सारखं बघू नका.

कन्व्हिक्टची जोडी हाच खरा प्रश्न आहे. त्यांना एका कोपऱ्यात पसरट छताची, एकाच तोंडाची गुहा द्या आणि तोंड बाजूच्या काचेकडे फिरवा, बोटियांच्या फटीकडे नाही. मग टँकच्या मधोमध एक-दोन तुकडे असे ठेवा की ह्या कोपऱ्यातून तो कोपरा दिसणार नाही. सिक्लिड जे दिसतं त्याच्यावर धावतो, नजर अडली की निम्मी मारामारी कमी होते. पण खरं सांगायचं तर जोडीने अंडी घातली, पिल्लं पोहायला लागली, की अडीच फुटांचा सगळा टँक त्यांना आपला वाटतो, मग बोटियांना कितीही चांगली फट दिली तरी त्यांचे पर कुरतडले जाणार. अंडी दिसली की बोटिया आणि ब्रिसलनोज दुसरीकडे हलवायची तयारी ठेवा, दगडाने ते सुटणारं नाही. आडोसे माशांच्या संख्येपेक्षा एखादा जास्त असावा, कारण हरलेल्याला नेहमी एक रिकामी जागा लागते.

हीटरचं लक्षात ठेवा. तुमचा ब्रिसलनोज हीटरला चिकटतो कारण तिथे आडोसा आहे, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हीटर तासनतास चालू असतो, चिकटलेल्या माशाच्या पोटाला भाजल्याचे पांढरे चट्टे येतात. त्याचा बोगदा हीटरपासून दूर ठेवा, हीटरला प्लॅस्टिकची जाळी घाला, आणि कुठलाही दगड पडला तर हीटरवर पडेल अशा जागी ठेवूच नका.

टँकमध्ये ठेवायच्या दिवशी पाणी निम्मं काढा, वाळू बाजूला सारा, शीट टाका, आणि दगडाचा तयार कोनाडा दोन्ही हातांनी धरून अगदी हळू खाली न्या. शेवटचा एक इंच सगळ्यात सांभाळायचा असतो, बोटिया कुतूहलाने किंवा घाबरून बरोबर त्याच क्षणी खाली घुसते, म्हणून दुसऱ्या कोणालातरी समोरून बघायला बसवा आणि तो मासे मोजून हो म्हणेल तेव्हाच टेकवा. पुढे साफसफाईला उचलतानाही तेच. उलट एक फायदा असा की बोटियांना पकडायचं असेल तर जाळी नको, त्यांच्या डोळ्याखाली काटा असतो, घाबरल्या की तो बाहेर येतो आणि जाळीत अडकतो, त्यापेक्षा अख्खा कोनाडा दोन्ही तोंडं हातांनी झाकून उचलायचा आणि पाण्याच्या बादलीत ठेवायचा, माशासकट.

पुढची देखभाल फार नाही. फिल्टरची धार दगडांच्या मागून फिरेल अशी ठेवा म्हणजे घाण साचत नाही, दर आठवड्याला पाणी बदलताना पाइपचं तोंड फटींशी न्या. दगड काढून नळाखाली धुऊ नका, त्याच्या छिद्रांत फिल्टरसारखेच चांगले जिवाणू वसतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच विसळा. वरची हिरवी साय ब्रिसलनोजसाठी सोडा. आणि खायला घालताना मासे मोजा, रोज, कारण आडोशात मेलेला मासा दिसत नाही आणि दोन दिवसांत पाणी खराब करतो. एखादा खायला आला नाही तर त्याच दिवशी टॉर्च घेऊन शोधा. नवीन मासा आणलात तर सोडायच्या आधी दगडांच्या जागा थोड्या बदला, जुन्यांना पण सगळं नवं वाटतं, मग नव्यावर कमी तुटून पडतात.

कोटा फर्शीचं पण कोणीतरी विचारेलच, कारण आपल्याकडे घरोघरी ती आहे. कोटा म्हणजे चुनखडक, व्हिनेगर टाकलं की फसफसणार, संगमरवरही तसाच. मोली, गप्पी, आफ्रिकेतले मलावी सिक्लिड ह्यांना जड पाणी आवडतं, त्यांना कोटा चालतो. डिस्कस, कार्डिनल टेट्रा, रॅम ह्यांच्या टँकमध्ये अजिबात नको. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल, बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, तर ते आधीच जड आहे, त्यात चुकून एखादा कोट्याचा तुकडा गेला तर फारसा फरक पडणार नाही. पण घरात पटिया असताना कोटा शोधायची गरजच नाही.

आता शेवटचा प्रश्न, मासे दिसेनासे होतील का. पहिले दोन-तीन दिवस होतील. माझ्या बोटियांच्या टँकमध्ये मी पहिल्यांदा पटियांची फट केली तेव्हा दोन दिवस फक्त मिशा दिसायच्या, मला वाटलं पैसे वाया गेले नाहीत पण मेहनत गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट लागायच्या आधी एक बाहेर आली, छतावर चढली, वास घेत एक फेरी मारली आणि परत आत. मग दुसरी. लपायला जागा नसलेला मासा फिल्टरमागे गोठून बसतो कारण तिथून निघालं तर परत जायला काही नाही, आणि जागा हाताशी असली की तो बाहेर यायचं धाडस करतो. आठवड्याभरात त्या चौघी माझ्या बोटाच्या मागे काचेवर धावायच्या, मी खुर्ची ओढली की फटीत, मी शांत बसलो की परत समोर. तुमच्या बोटिया फिल्टरमागून कधी निघाल्या ते दिवस लिहून ठेवा, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत कोणीच निघालं नाही तर फटीचं तोंड ज्या बाजूला आहे तिथून कन्व्हिक्टची ये-जा होते का ते बघा, बहुतेक वेळा कारण तेच असतं, कोनाडा अर्धा वळवला की पुरतं.